घरची गंगाजळी

काशीयात्रेहून परतलेल्या मनुष्याने आणलेला गंगोदकाचा गडू देवघरात ठेवलेला असतो. गावात पाण्याची कितीही टंचाई पडो, तहान भागविण्यासाठी त्याचे झाकण कोणी उघडीत नाही. राखीव द्रव्यास 'गंगाजळी' म्हणणारी आमची भाषा म्हणूनच मोठी मार्मिक आहे. संस्थानांची गंगाजळी असे, बँकांची असते, सरकारच्या परकीय चलनाची गंगाजळी वाढली की वर्तमानपत्रे मथळे देतात. मात्र तो मथळा वाचणाऱ्या कारकुनास 'आपल्या घरची गंगाजळी किती?' असे विचारावे, तर तो हसून विषय बदलतो. आज हाच अप्रिय प्रश्न आम्ही आमच्या वाचकांस विचारणार आहोत.

काटकसरीवर प्रवचन करण्याचा आमचा हेतू नाही. अशी प्रवचने भरल्या पोटी करणारे पुष्कळ आहेत. आमचे म्हणणे असे, की शिल्लक ही पैशाची बाब होण्यापूर्वी स्वातंत्र्याची बाब आहे. ज्याने तीन महिन्यांचा घरखर्च बाजूस टाकला आहे, तो धन्यापुढे उभा राहून 'हे मला मान्य नाही' असे म्हणू शकतो. ज्याच्या घरी पुढल्या आठवड्याचे धान्य नाही, तो समोर येईल त्या कागदावर सही करतो. अशा सह्या वकिलीच्या धंद्यात आम्ही पाहिल्या आहेत. सही करणारास कागदातील अन्याय कळत नव्हता असे नाही. त्यास महिनाअखेर अधिक स्पष्ट दिसत होती.

मुंबईच्या गिरणगावाचा दाखला घ्या. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढाऱ्यांचे चुकले की सरकारचे, हा वाद येथे घालावयाचा नाही. आमची सहानुभूती कामगारांकडे आहे व ती लपविण्याचे कारण नाही. पण त्या झुंजीत दोन पक्षांची कोठारे सारखी नव्हती. मालकांपाशी जमीन होती आणि पेढीवर पत होती. कामगारापाशी बायकोच्या गळ्यातील चार मणी आणि गावाकडील एखादा वाफा. ज्यांची घरे कोकणात वा साताऱ्याकडे होती ते गावी गेले, इतरांनी भांडीकुंडी विकली. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो घराघरांतून विरत गेला आणि हजारोंना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. एका पगारावर किती चुली पेटत होत्या पाहा! कामगारांना उधारीवर जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांना सावकारी व्याजातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 सालीच अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते. कामगाराचा पगार थांबला की या बायांची चूलही विझू लागे.

कोणी म्हणेल, कायदा आहे ना? आहे. औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली घातलेल्या कलमांनी कामगार कपातीसाठी एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षास पंधरा दिवसांचे वेतन असे माप घालून दिले. म्हणजे आठ वर्षे राबणारास चार महिन्यांचे वेतन. परंतु मालकाने 'ही कपातच नव्हे, याने राजीनामा दिला' असे म्हटले, की प्रकरण न्यायालयात जाते आणि तारखा पडू लागतात. कायद्याने हक्क मिळतो. तारखेस गेलेल्या मनुष्याच्या घरी त्या दिवसाची भाकरी कोठून येणार, हे त्यात लिहिलेले नसते.

आता ही गंगाजळी ठेवावी कोठे? सोन्यावर आमच्या लोकांची भक्ती मोठी; पण मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा सराफांची दुकानेही बंद होती आणि डबीतील पाटल्या डबीतच राहिल्या. पंधरा वर्षांच्या मुदतीचा भविष्य निर्वाह निधी म्हातारपणासाठी उत्तम, पण अडल्या महिन्यास निरुपयोगी. सारी रक्कम एकाच पेढीतही असू नये. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारास प्रथम अवघे एक हजार रुपये काढता येत होते. पुढे 4 फेब्रुवारी 2020 पासून ठेवीवरील विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली आणि 2021 च्या दुरुस्तीने ती रक्कम नव्वद दिवसांत देण्याचे ठरले. पण नव्वद दिवस म्हणजे तीन महिने, आणि गंगाजळी तर नेमकी त्याच तीन महिन्यांसाठी हवी! म्हणून दोन ठिकाणी, साध्या बचत खात्यात वा केव्हाही मोडता येईल अशा ठेवीत ती असावी. व्याज थोडे मिळाले तरी चालेल.

जमविण्याची रीत कंटाळवाणी आहे. चोवीस हजार मासिक खर्चाच्या घराने दरमहा दोन हजार वेगळे काढले, तर वर्षाअखेर एका महिन्याची तरतूद होते. तिसऱ्या वर्षी तिघांची. दिवाळीच्या बोनसाचा अर्धा भाग त्यात टाकल्यास हे अंतर कमी होईल. शेकडा तीन मासिक व्याजाचे कर्ज असेल, तर एका महिन्याची पुंजी हाताशी ठेवून आधी ते फेडावे. व्यापाऱ्याने सहा महिन्यांचा हिशेब धरावा, आणि दुकानाचा गल्ला व घराची पेटी एक करू नये.

आणि व्यापाऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर एक कटू गोष्ट सांगून टाकतो. आपल्या गुमास्त्यास 'काही शिल्लक ठेवीत जा' असे सांगणारे शेट त्याचा पगार वीस तारखेस, तोही दोन हप्त्यांत देतात. हजाराहून कमी नोकरांच्या ठिकाणी पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा, असे 1936 पासून कायदा सांगत आला आहे. उरलेले तेरा दिवस तो गुमास्ता वाण्याच्या उधारीवर काढतो; आणि पुष्कळदा तो वाणी आमच्या याच शेटजींचा शेजारी असतो.