तारण: मरणाआधी की मरणाच्या वेळी?

‘मरणाआधी ख्रिस्तावर विश्वास ठेवा’ असं आम्ही सांगतो, तेव्हा नेमकं काय सांगतो, हे आज समजून घेऊ. भीती घालायला आम्ही गेवराईत आलेलो नाही.

आधी ‘तारण’ हा शब्द घ्या. बँकेत सोनं तारण ठेवतात, तो अर्थ वेगळा. शास्त्रातलं तारण म्हणजे बुडणाऱ्याला तारणं, वाचवणं. पण कर्जाचा संबंध इथेही आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूने शिकवलेली प्रार्थना आहे, तिच्यात पापांना ऋणंच म्हटलं आहे. आणि कर्ज काय असतं, ते या तालुक्याला शिकवायला नको. हंगामाआधी मुकादम कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल देतो. मग ऊस तोडून ती फेडायची. मध्येच आजारपण आलं, कारखाना लवकर बंद झाला, की बाकी राहते आणि पुढच्या सालावर चढते. पापाची बाकीही अशीच चढत जाते. दानधर्माने, उपासतापासाने ती आपल्याला फेडता येत नाही. ख्रिस्ताने वधस्तंभावर ती स्वतः भरली, ही आमची सुवार्ता. आपण ते मान्य करायचं, पापाकडून वळायचं आणि त्याच्यावर भरवसा टाकायचा. यालाच विश्वास म्हणतात.

आता कोणी विचारेल, मग घाई कसली? येशूशेजारी खिळलेल्या चोराला तर शेवटच्या घटकेला सुखलोक मिळाला. मिळाला, खरं आहे. म्हणून आम्ही कोणाही आजाऱ्याच्या खाटेजवळ बसून सांगतो की अजून उशीर झालेला नाही. पण लूकचा 23 वा अध्याय नीट वाचा. तिथे चोर दोन होते. दोघांचं मरण तितकंच जवळ होतं, दोघांच्या मध्ये तोच येशू होता. एक वळला, दुसरा निंदाच करत राहिला. म्हणजे मरण जवळ आलं की मन आपोआप मऊ होतं, असं नाही. आयुष्यभर ‘नंतर बघू’ म्हणायची सवय लागली, तर त्या घटकेलाही तोंडातून ‘नंतर बघू’च येतं.

द्राक्षमळ्याचा दाखलाही लोक सांगतात. संध्याकाळी पाचला आलेल्या मजुरांनाही पूर्ण मजुरी मिळाली. पण त्यांना सकाळी बोलावलं होतं आणि ते आले नाहीत, असं तिथे लिहिलेलं नाही. त्यांना कोणी कामावर लावलंच नव्हतं. बोलावणं आलं तेव्हा ते लगेच निघाले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नुसतं पाणी घेतलं, रजिस्टरात नाव चढलं, म्हणजे काम झालं असं नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण बघा. 1874 च्या दुष्काळात तीर्थयात्रेतल्या भटकंतीत त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. मरण त्यांनी फार जवळून पाहिलं होतं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, खुद्द ख्रिस्त अजून मिळालेला नाही, हे त्यांना आठेक वर्षांनी, 1891 च्या सुमारास उमगलं. इतकी विद्वान बाई, तरी तिलाही वेळ लागला. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या बायकामुलींना आसरा दिला, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवलं. 1921 मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा आईच्या आधी गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. मरण वयाचा क्रम पाळत नाही. आणि ‘मरणाआधी’ या शब्दाचा दुसरा अर्थही त्यांच्या आयुष्यात दिसतो. विश्वास आधी आला, म्हणून तो जगायला वर्षं मिळाली. शेवटच्या श्वासाला वळलेला चोर वाचला, पण ज्यांचं लुबाडलं त्यांना एक पैसा परत करायला त्याच्याकडे दिवस उरला नव्हता.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. विश्वास ठेवल्याने मुकादमाची उचल फिटणार नाही. दुखणं हमखास बरं होईल, असंही वचन आम्ही देत नाही. औषध चालू ठेवा. कोणाच्या दबावाने किंवा काही मिळेल म्हणून तर हे पाऊल मुळीच टाकू नका. तो विश्वासच नव्हे.

पण ज्याच्या मनात आज बोलावणं पोचलं आहे, त्याने ‘हंगाम उरकून आल्यावर बघू’ म्हणू नये. दिवाळीच्या आगेमागे गाड्या निघतील. परत कोण येईल, कोण नाही, हे आपल्या हाती नाही. प्रार्थनेला मोठे शब्द लागत नाहीत. प्रभू, मी पापी आहे, तू माझी बाकी भरलीस, मला तुझा कर, एवढं मनापासून म्हणा. घरी म्हणा, फडावरच्या कोपीत म्हणा. तो ऐकतो.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.