वाशिमचं मिशन हॉस्पिटल आणि चाळीस वर्षं झटलेली डॉक्टरीणबाई

वाशिममधल्या रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलचं पूर्ण नाव रोजच्या बोलण्यात क्वचितच येतं. लोक म्हणतात ‘मिशन हॉस्पिटल’. हा दवाखाना 1938 साली सुरू झाला, तेव्हा पेनिसिलिन अजून रुग्णांपर्यंत पोचलं नव्हतं आणि वऱ्हाडातल्या बहुसंख्य बायकांची बाळंतपणं सुइणीच्या हातून घरच्या अंधाऱ्या खोलीत होत होती. दवाखाना उभा करणाऱ्या डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन मिशनरी. त्या 1936 साली भारतात आल्या आणि जवळपास चाळीस वर्षं त्यांनी याच कामाला दिली.

त्या आल्या तेव्हाचं वाशिम म्हणजे इंग्रजी कागदपत्रांतलं ‘बासिम’. एकेकाळी ते जिल्ह्याचं ठिकाण होतं. 1905 मध्ये जिल्हा मोडला, वाशिम अकोला जिल्ह्यात गेलं आणि त्याच्याकडे तालुक्याचं गाव एवढीच ओळख उरली. (पुन्हा जिल्हा व्हायला 1 जुलै 1998 उजाडावा लागला.) स्पायकरबाईंना पाठवणाऱ्या, अमेरिकेतल्या नाझरीन चर्चचं मराठी मुलखातलं काम तोवर बुलढाण्याच्या बाजूला होतं. तिशीच्या दशकात मेथॉडिस्ट मिशनचं वाशिमचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्यासोबत जुन्या शाळेची इमारतही. याच इमारतीत दवाखाना सुरू झाला. नाझरीन चर्चच्या परदेशातल्या कामाची घडी बसवणारे हायरम रेनॉल्ड्स 1938 मध्येच वारले. दवाखान्याला नाव त्यांचं आहे.

सुरुवात बायका आणि मुलांच्या दवाखान्यापासून झाली, आणि त्यामागे ठोस कारण होतं. घरातली बाई कितीही आजारी असली तरी पुरुष डॉक्टरकडून तिला तपासून घ्यायला अनेक कुटुंबं तयार नसत. क्लारा स्वेन ही पहिली मिशनरी स्त्री डॉक्टर 1870 साली बरेलीला आली ती याच अडचणीपोटी, आणि आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या त्यामागेही हीच जाणीव होती. पण मुंबई-पुण्यात स्त्री डॉक्टर दिसू लागल्यावरही वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावांना ती सोय बराच काळ मिळाली नाही.

त्या काळी बाळंतपणातले मृत्यू दोन वाटांनी येत. हात आणि हत्यारं निर्जंतुक नसली की आईला सूतिकाज्वर होई. विळ्याने किंवा गंजलेल्या पात्याने नाळ कापली की बाळाला धनुर्वात. या दोन्ही गोष्टी टाळायला महागडं यंत्र लागत नाही. उकळलेलं पाणी, स्वच्छ कापड, निर्जंतुक कात्री आणि नियम पाळणारे हात लागतात. तिशीच्या दशकातल्या सरकारी नोंदी पाहिल्या तर ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर सहा-सात बाळांपैकी एक वर्षाच्या आत दगावत होतं. एखाद्या घरात सहा लेकरं झाली आणि चार हाती लागली, तर त्याला कुणी आश्चर्य म्हणत नसे.

एका डॉक्टरीणबाईने एवढ्या मोठ्या टापूत करायचं तरी काय? स्पायकरबाईंपुढे औषधोपचाराइतकंच दगडविटांचं काम होतं. बांधकामाचं शिक्षण नसतानाही नव्या इमारतींचे आराखडे आणि देखरेख त्यांनी स्वतःकडे घेतली. भाषाही शिकायची होती. पोटात ‘कळ’ येते, ‘मुरडा’ पडतो की ‘जळजळ’ होते, यातला फरक ज्या डॉक्टरला कळत नाही, तिचं निदान अर्ध्यावरच अडतं.

मदतीला यायला निघालेल्या दोघींची वाट युद्धाने अडवली. डॉ. एव्हलिन विटहॉफ आणि जेराल्डिन चॅपल 1941 च्या अखेरीस अमेरिकेहून जहाजाने भारताकडे येत होत्या. पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि त्या मनिलात अडकल्या. जपानी सैन्याने सँटो टॉमस विद्यापीठाच्या आवारात केलेल्या नजरकैद छावणीत त्यांनी तीन वर्षं काढली. फेब्रुवारी 1945 मध्ये छावणी मुक्त झाली. एवढं सोसल्यावर घरी राहिल्या असत्या तरी त्यांना कुणी बोल लावला नसता. त्या तरीही पुढे भारतात आल्याच, आणि विटहॉफ वाशिमच्या कामात रुजू झाल्या.

पण या दवाखान्याचं सगळ्यात दूरवर पोचलेलं काम आहे परिचारिकांचं शिक्षण. जीन डार्लिंग या परिचारिकेने त्यात आपली कारकीर्द घातली. खेड्यातल्या मुलीने घर सोडून वसतिगृहात राहावं, रात्रपाळी करावी, परक्या माणसाच्या जखमा धुवाव्यात, हे त्या पिढीतल्या आईबापांना पचणं सोपं नव्हतं. ज्यांनी मुली पाठवल्या, त्यांच्या घरात पहिल्यांदा बाईच्या नावाचा पगार आला. शिकून बाहेर पडलेल्या परिचारिका ज्या ज्या दवाखान्यात गेल्या, तिथे निर्जंतुक कात्रीचा नियमही त्यांच्यासोबत गेला.

मिशनच्या दवाखान्यांवर एक प्रश्न कायम विचारला गेला: ही सेवा की धर्मप्रसार? तो टाळून हा इतिहास सांगता येत नाही. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता, आणि त्या सरकारने 1954 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरींच्या कामाची चौकशी समिती नेमली. समितीचा 1956 चा अहवाल कडक होता. वैद्यकीय सेवा धर्मांतराचं साधन म्हणून वापरली जाऊ नये, अशी शिफारस त्यात होती. मिशनच्या शाळा-दवाखान्यांच्या कामाबद्दल लोक चांगलं बोलतात, याचीही नोंद त्याच अहवालात आहे.

स्पायकरबाई श्रद्धेने मिशनरी होत्या आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. आपल्याला ती श्रद्धा मान्य असो वा नसो, अडलेली बाळंतीण सुखरूप घरी पोचणं हे तिच्या घरच्यांसाठी निखळ सत्य होतं. दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या तरच या आयुष्याला न्याय मिळतो.

आज हा दवाखाना भारतीय डॉक्टर आणि परिचारिका चालवतात. शुश्रूषेचं शिक्षण आणि आसपासच्या गावांमधलं आरोग्याचं काम त्याला जोडलेलं आहे. अमेरिकेत या चर्चचं स्वतःचं अभिलेखागार आहे, आणि मिशनरींनी लिहिलेली पुस्तकंही आहेत. विटहॉफबाईंचंच भारतातल्या कामावरचं पुस्तक आहे. पण ती बाजू पाठवणाऱ्यांची. जिच्या दोन्ही खेपा मिशन हॉस्पिटलात झाल्या ती आजी, पहिल्या तुकड्यांत शिकलेली परिचारिका, रुग्णासाठी आवारात चूल मांडून बसलेले नातलग, यांचं सांगणं मराठीत नोंदवून ठेवायला हवं. चाळीसच्या दशकात शिकलेल्या मुली आता नव्वदीच्या पुढे असतील. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे काम याच वर्षी हाती घ्यावं.