कुसळं धरण्याआधी

दिवाळी उलटली की माळावरचं गवत पिवळं पडतं, विळे निघतात, पेंढ्या बांधल्या जातात आणि गोठ्यामागे गंजी उभी राहते. गंजी भरघोस दिसते, पण तिच्यातलं बरंचसं पोषण विळा लागण्याआधीच निघून गेलेलं असतं.

फुलोऱ्यापर्यंत गवताची प्रथिनं आणि साखर पानांत आणि कोवळ्या काडीत असतात. दाणा भरू लागला की हा साठा बियांकडे वळतो आणि पिकलेलं बी मातीत गळून जातं. मागे राहते ती काडी, आणि तिच्यात लिग्निन वाढलेलं असतं. लिग्निन गाईला पचत नाहीच, शिवाय ज्या तंतूंना ते चिकटून बसतं, त्यांनाही पचू देत नाही. चारा पचवण्याचं खरं काम करतात ते कोटीपोटातले सूक्ष्मजीव. चाऱ्यातली प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की ते मंदावतात. उशिरा कापलेल्या गवतात हे प्रमाण अनेकदा ३-४ टक्केच भरतं. मग चारा पोटात रेंगाळतो, जनावर कमी खातं आणि गव्हाण भरलेली असूनही उन्हाळ्यात त्याच्या बरगड्या दिसू लागतात.

कुसळीच्या बाबतीत तर उशीर फारच महागात पडतो. तिच्या बियांना पीळ असलेली लांब कुसळं असतात. ओल मिळाली की पीळ उलगडतो, सुकलं की पुन्हा बसतो आणि टोकदार बी जमिनीत रुतत जातं. हेच बी गाईच्या हिरड्यांत आणि मेंढीच्या कातडीतही शिरतं. कुसळी कापायची ती कुसळं धरण्याआधीच.

मारवेल, शेडा फुलोऱ्यात येतात ते सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि त्याच दिवसांत परतीचा पाऊस असतो. कापलेलं गवत भिजलं तर सगळंच गेलं, ही शेतकऱ्याची धास्ती खरी आहे. तरीही दोन-तीन दिवसांची उघडीप दिसली की थोडं थोडं कापून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. थांबून भारे वाढतील, दूध वाढणार नाही.

कापल्यावरही गवत जिवंतच असतं. ओलावा ४० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत त्याचं श्वसन चालू राहतं आणि त्यात साखर खर्च होते. म्हणून दव उडाल्यावर कापावं, पातळ पसरावं आणि पहिल्या दिवशी एकदा तरी उलथावं. पानं सुकली की मात्र ऊन पुरे. छोटे ढीग करून बाकीचं वाऱ्यावर सोडावं. उन्हानं वाळत्या चाऱ्यात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं खरं, पण ज्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनतं ते कॅरोटीन त्याच उन्हात नष्ट होतं. लसूणघासाला आणखी जपावं लागतं. त्याची पानं काडीच्या आधी वाळतात आणि हात लागताच चुरा होऊन झडतात. त्या पानांतच सुमारे दोन तृतीयांश प्रथिनं असतात. घास उलथायचा तो सकाळी, पानं दवानं नरम असताना.

गंजी रचण्याआधी ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास हवा. तो पाहायला यंत्र लागत नाही. काचेची कोरडी बरणी घ्या, तीत गवताचे बारीक तुकडे आणि मूठभर कोरडं मीठ टाका, झाकण लावून चांगलं हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ सुटं राहिलं तर गवत रचायला तयार आहे. गोळे झाले किंवा ते काचेला चिकटलं तर अजून वाळवायला हवं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी शोषू लागतं, आणि बहुतेक बुरशींना वाढायला साधारण तेवढीच दमट हवा लागते.

ओलं रचलेलं गवत आतून तापतं. फार तापलं तर स्वतःहून पेटूही शकतं. न पेटता तपकिरी झालेलं गवत फसवं असतं. त्याला खरपूस, तंबाखूसारखा वास येतो, जनावरं ते आवडीनं खातात. पण उष्णतेनं प्रथिनं आणि साखर एकमेकांना अशी जखडतात, की त्या प्रथिनांचा मोठा भाग शेणावाटे निघून जातो.

विकत घेताना म्हणूनच गठ्ठा सोडून आत हात घाला. बाहेरचा रंग उडालेला चालेल, आत हिरवट छटा हवी. आत ऊब लागली, कुबट वास आला किंवा झटकल्यावर पांढरी धूळ उडाली तर ते घेऊ नका. पानं किती आहेत ते पाहा, तुरे चोळून बी धरलंय का तेही बघा. आणि शक्य असेल तिथे भाऱ्यावर नव्हे, वजनावर भाव ठरवा. घरच्याच गंजीत बुरशी सापडली तर तेवढा भाग उकिरड्यावर टाका, गाभण गाईपुढे तर मुळीच नको.