दम आणि घड्याळ

सोयाबीन निघून वावर मोकळं झालं, की वाशीम, रिसोड, मानोऱ्याकडच्या पोरांना कबड्डीचे वेध लागतात. एकानं दोरी ताणायची, दुसऱ्यानं घमेल्यातली फक्की मुठीनं सोडत जायची. आधी मध्यरेषा, तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, पुढे मीटरभर अंतरावर बोनस रेषा. त्यांच्या आजोबांच्या हुतूतूत ही तिसरी रेघ नव्हती. बचाव करणारे सहा किंवा अधिक असताना चढाईपटूनं ती ओलांडली, तर कुणालाही न शिवता गुण मिळतो. भरल्या मैदानात खोलवर शिरणाऱ्याच्या छातीचं ते मोल आहे.

पूर्वी या खेळाचे तीन प्रकार होते. ‘गामिनी’त बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. ‘अमर’मध्ये बाद गडी बाहेर जातच नसे, समोरच्यांना नुसता गुण मिळे. ‘संजीवनी’त मात्र आपल्यानं समोरचा एक मारला, की आपला एक उठतो. आजची कबड्डी याच तिसऱ्या प्रकारावर उभी आहे आणि माझ्या मते या खेळातला सर्वांत सुंदर नियम हाच. एकटा उरलेला गडी चढाईला जातो आणि चार जणांना उठवून आणतो, तेव्हा हरलेला डाव फिरतो.

नियमांना शिस्त लावण्याचं बरंचसं काम महाराष्ट्रात आणि बडोद्यात झालं. आपल्या वऱ्हाडाचाही त्यात मान आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली आणि त्यांत कबड्डीही होती. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला.

सर्वांत मोठा बदल झाला तो वेळेचा. पूर्वी छाती हेच घड्याळ होतं. दम टिकेल तोवर चढाई, दम मोडला की गडी बाद. आता दम घालावा लागतोच, पण चढाई तीस सेकंदांत संपवावी लागते. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि तिनं तिसऱ्या चढाईचा नियम घराघरांत नेला. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण घ्या, नाहीतर बाद व्हा. आघाडी घेऊन वेळ काढणाऱ्या संघांना यानं चाप बसला, हे चांगलंच झालं. अमेरिकेतल्या बेसबॉलनंही २०२३ मध्ये चेंडू फेकणाऱ्यावर असंच सेकंदांचं घड्याळ लावलं, आणि सामने वीसेक मिनिटांहून अधिक आटोपते झाले.

पण नियम बदलतात आणि सगळीकडे एकदम बदलत नाहीत. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना २८-२८ वर होता. भारताचा पवन सेहरावत कुणालाही न शिवता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत गेला आणि त्याला धरायला इराणचे बचावपटूही मागोमाग तिथे शिरले. जुन्या नियमानं ते सगळेच बाद, नव्या नियमानं एकटा पवन. लागू कोणता, यावर खेळ जवळपास तासभर थांबला. अखेर भारत ३३-२९ नं जिंकला. सुवर्णपदकाच्या सामन्यात पंचांची ही गत, तर गावच्या सामन्यात सरपंचाशी हुज्जत होणारच.

राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. आमच्या पोरांना याच संघातून वर जायचं असतं. तिथे खेळ मॅटवर आणि पायात बूट, इथे सराव काळ्या मातीत अनवाणी. मातीत पाय रोवून धरलेली पकड मॅटवर निसटते, वळण चुकतं. नियमांचं पुस्तक वाचून हे अंगवळणी पडत नाही. गावच्या सामन्यांना रोख बक्षिसं देणाऱ्या दात्यांना म्हणूनच एक विनंती आहे. या वर्षीच्या बक्षिसातला काही वाटा बाजूला काढा आणि चार गावं मिळून तालुक्याला एक मॅट घ्या.