रात्रीची लाईट आणि ऑटोस्विच

सभासद बंधू गटसभेत विचारतात, उसाला रात्रीचीच लाईट का?

सकाळ-संध्याकाळ विजेची मागणी चढते, मध्यरात्री उतरते. कोळशावरची केंद्रे मात्र रोज रात्री बंद करून ठेवता येत नाहीत. म्हणून महावितरणने गावठाणाचे व शेतीचे फीडर वेगळे केले आणि पंपांना पाळी लावली : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हिशेब बरोबर आहे. पण विंचूकाट्यात दारं धरायला जातो तो शेतकरीच. २०१७ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत ज्या फीडरला सौरवीज मिळते, तिथे पाळी दिवसाची होते.

आपल्या हातची गोष्ट म्हणजे ऑटोस्विच. लाईट आली की डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकदम उठतात. उठताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. मग फ्यूज जातो, नाहीतर डीपीच जळतो. औसा असो की लोहा, ऐन उन्हाळ्यात डीपी जळाला की उभा ऊस वाळतो.

ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, मोटारी थोड्या थोड्या अंतराने लावा. एकट्याने काढून भागत नाही, शेजाऱ्याची मोटार आधी उठते. तेव्हा एका डीपीवरच्या सर्वांनी बसून हे एकदा ठरवावे, अशी आमची विनंती आहे.