चोआ चू कांगमधली खोली आणि परदेशी विद्यार्थ्याचा खर्च

चोआ चू कांग हे सिंगापूरच्या वायव्येकडचे उपनगर, बहुतांश एचडीबी म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतींचे. शहराच्या मध्यभागापेक्षा इथे भाडे कमी, म्हणून घर शोधणारे विद्यार्थी इकडे वळतात. एचडीबी घरातली साधी खोली महिन्याला साधारण 800 ते 1,100 सिंगापूर डॉलरला मिळते. पण भाडे, जेवण आणि प्रवास वेगवेगळे मांडले की हिशेब फसतो. भाड्यात वाचलेले पैसे उरलेल्या दोन बाबींत निघून जातात.

खोलीच्या जाहिरातीत ‘लाइट कुकिंग’ची परवानगी असेल, तर बऱ्याच घरमालकांना नूडल्स उकळणे किंवा अंडे शिजवणे एवढेच अभिप्रेत असते. रोजची फोडणी आणि तळण त्यात बसत नाही. मग दोन्ही वेळचे जेवण कोपीटियममध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खानावळीत होते. एका ताटाला 4 ते 6 डॉलर धरले, तर महिन्याला 300 डॉलर सहज लागतात, आणि शाकाहाऱ्याला निवडही थोडीच असते. वरणभात-भाजी करू देणारे घर 100 डॉलर महाग असले तरी अनेकदा तेच परवडते. डाळी-पिठे घ्यायला लिटल इंडियात जाणे फारसे अवघड नाही: एलआरटी या हलक्या रेल्वेने बुकित पांजांग आणि तिथून डाउनटाउन लाइन.

विद्यापीठ मात्र दूर पडते. नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी (एनटीयू) पश्चिमेलाच असली, तरी मेट्रोने जुरोंग ईस्टला गाडी बदलून बून ले किंवा पायोनियर गाठावे लागते आणि पुढे बस. नॅशनल युनिव्हर्सिटीसाठी (एनयूएस) जुरोंग ईस्ट आणि बुओना व्हिस्टा अशा दोन ठिकाणी गाडी बदलून केंट रिजला उतरावे लागते. मासिक सवलतीचा पास पदवीच्या पात्र विद्यार्थ्यांना मिळतो. पदव्युत्तरवाल्यांनी तो गृहीत धरू नये.

पहिल्या महिन्याचा बोजा सर्वांत जड असतो. 900 डॉलरची खोली वर्षभरासाठी घेतली, तर एक महिन्याची अनामत, एक महिन्याचे आगाऊ भाडे आणि एकूण भाड्यावर 0.4 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे 43 डॉलर, असे 1,843 डॉलर सुरुवातीलाच मोजावे लागतात. डॉलर 68 रुपयांचा धरला तर ही रक्कम सव्वा लाखाच्या घरात जाते. दलाल असेल तर त्याची दलाली वेगळी. विजेचे बिल आणि वातानुकूलन भाड्यात धरले आहे का, हे करारात लिहून घेतलेले बरे. एचडीबीची खोली सहा महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देता येत नाही. वर्षाचा करार असेल, तर मे ते जुलैच्या सुट्टीत विद्यार्थी पुण्याला किंवा नागपूरला घरी असला तरी भाडे चालूच राहते. वसतिगृहाशी तुलना करताना हे तीन महिने नेमके विसरले जातात.

शुल्काच्या बाबतीत पदवी अभ्यासक्रमासाठी सिंगापूरच्या शिक्षण मंत्रालयाचे ट्युशन ग्रँट मोठा आधार ठरते. त्याने शुल्क बरेच उतरते, पण परदेशी विद्यार्थ्याला शिक्षण संपल्यावर तीन वर्षे सिंगापूरच्या आस्थापनेत काम करण्याचा करार करावा लागतो. करार मोडला तर भरपाई द्यावी लागते, त्यामुळे हे अनुदान घेण्याचा निर्णय कुटुंबाने एकत्र बसून करावा. अर्धवेळ कामाच्या कमाईवर अंदाजपत्रक उभारणे धोक्याचे. मान्यताप्राप्त संस्थांच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 16 तास काम करता येते. अनेक खासगी संस्थांच्या विद्यार्थ्यांना ही मुभाच नाही.

भारतातून पैसे पाठवण्याचेही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. 1 एप्रिल 2025 पासून 10 लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस म्हणजे स्रोतावर गोळा होणारा कर कापला जात नाही. त्यापुढे स्वतःच्या पैशातून शुल्क भरल्यास तो लागतो आणि प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर पैसा अडकतो. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेला यातून सूट आहे. विनिमय दराचा फरक टीसीएसहून मोठा असू शकतो. 2015 च्या सुमारास सिंगापूर डॉलर 47 रुपयांच्या आसपास होता आणि दहा वर्षांत तो 65 च्या पुढे गेला. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचे अंदाजपत्रक आजच्या दराने करून भागत नाही. दरवर्षी चार-पाच टक्के वाढ धरून शेवटच्या वर्षाची रक्कम काढावी, आणि कर्जाची मर्यादा त्या आकड्यावरून ठरवावी.