वेबसाइटच्या कामात प्रकल्प व्यवस्थापक म्हणून सुरुवात करताना

लहान गटांत बहुधा उत्तम कोड लिहिणाऱ्यावरच एके दिवशी प्रकल्प सांभाळण्याची जबाबदारी येते. या कामात कोडपेक्षा लेखी नोंदी अधिक महत्त्वाच्या असतात. त्या नसतील तर काम पूर्ण होऊनही पैसे अडकू शकतात. आपण सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून काम करत असाल, तर कायदा आपल्या बाजूने कसा उभा राहतो, याची माहिती येथे दिली आहे.

काम सुरू करण्यापूर्वी काय लिहून घ्यावे?

समजा, एका शाळेने पाच पानांची वेबसाइट मागितली. अर्धे काम झाल्यावर निरोप येतो, "प्रवेश अर्ज आणि फी भरण्याची सोयही टाका." आधी काही लिहिलेले नसेल, तर हे वाढीव काम फुकट करावे लागते. म्हणून पुढील गोष्टी ठरवून घ्या:

• कोणती पाने आणि सोयी कामात येतात, कोणत्या येत नाहीत.
• मजकूर आणि छायाचित्रे कोण देणार व कधी.
• कामाचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याची रक्कम.
• वाढीव कामाचा दर आणि त्यासाठी लागणारी लेखी मंजुरी.
• डोमेन कोणाच्या नावावर राहील आणि वार्षिक खर्च कोण भरेल.
• कोडची मालकी. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते.

उद्यम नोंदणी

१ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची नोंदणी उद्यम पोर्टलवर होते. ती आधार क्रमांकावर आधारित असून पूर्णपणे मोफत आहे. १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत आणि उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म ठरतो. काम स्वीकारण्याआधीच नोंदणी करा. नंतर केलेल्या नोंदणीचा लाभ आधीच्या कामाला मिळेलच असे नाही.

पैसे किती दिवसांत मिळायला हवेत?

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांना पुढील संरक्षण देतो:

• लेखी करार असल्यास ठरलेल्या तारखेपर्यंत. मात्र काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांहून अधिक मुदत ठेवता येत नाही.
• ग्राहकाने काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारले असे मानले जाते.
• उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते.

म्हणूनच प्रत्येक टप्पा सोपवताना तारखेसह ईमेल पाठवा. "काम दाखवले होते" असे तोंडी सांगून मुदत कधी सुरू झाली हे सिद्ध करणे कठीण जाते. ग्राहकाने लेखी हरकत घेतल्यास ती दूर करा आणि दूर केल्याची तारीखही नोंदवा. स्वीकृतीची मुदत त्या दिवसापासून मोजली जाते.

पैसे थकल्यास काय करावे?

प्रथम बिलाची तारीख आणि थकीत रक्कम नमूद करून लेखी स्मरणपत्र द्या. तरीही पैसे न मिळाल्यास आपल्या राज्यातील सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. परिषद आधी दोन्ही पक्षांत समेट घडवण्याचा प्रयत्न करते. तो न झाल्यास प्रकरण लवादाकडे जाते. अर्जासोबत कामाचा आदेश, बिले आणि ईमेल जोडावे लागतात. या टप्प्यावर आपली जुनी नोंदच उपयोगी पडते.

प्रशिक्षण कोठे मिळेल?

केंद्र सरकारच्या स्वयं पोर्टलवर प्रकल्प व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते.

लक्षात ठेवा

पहिला प्रकल्प लहान असला तरी एका पानाचा लेखी करार कराच. ओळखीच्या ग्राहकाबरोबरही करा. त्यामुळे व्यवहार स्पष्ट राहतो आणि ओळखही टिकते.